जेकब वेनराइट : शरणपूरचा विद्यार्थी, दूरदेशीचा सेवक

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला
• नाशिकजवळच्या शरणपूर वसाहतीची पार्श्वभूमी सांगता येईल;
• जेकब वेनराइट यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे स्पष्ट करता येतील;
• परक्या भूमीत केलेल्या सेवेचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा यांचा विचार करता येईल;
• मोठ्या व्यक्तीच्या छायेत राहिलेल्या माणसाचे चरित्र कसे वाचावे, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजे, संत, समाजसुधारक किंवा लेखक उभे राहतात. त्यांच्या कार्याचा विस्तार मोठा असतो आणि त्यांच्याविषयीची साधनेही विपुल असतात. परंतु प्रत्येक मोठ्या माणसाच्या अवतीभवती काही माणसे वावरत असतात. ती त्याचे ओझे वाहतात, आजारपणात त्याची शुश्रूषा करतात, त्याचे कागद सांभाळतात आणि प्रसंगी त्याचा अंत्यविधीही करतात. अशा माणसांचे चरित्र सहसा लिहिले जात नाही. या घटकात आपण अशाच एका माणसाची ओळख करून घेणार आहोत. त्याचा जन्म आफ्रिकेत झाला, शिक्षण नाशिकजवळ झाले आणि त्याचे नाव लंडनमधील वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या इतिहासात नोंदले गेले.

नाशिक शहरातून तुम्ही कधी गेला असाल, तर शरणपूर रस्ता तुमच्या परिचयाचा असेल. दुकाने, बँका आणि रुग्णालये यांनी गजबजलेल्या या रस्त्याचे नाव आपण सहज उच्चारतो, पण त्यातील शरणपूर म्हणजे काय याचा विचार क्वचितच करतो. शरण आलेल्यांचे पूर, म्हणजे आश्रयाचे गाव, असा या नावाचा सरळ अर्थ आहे. या गावाने ज्यांना आश्रय दिला, त्यांत गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलेही होती. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक.

२. शरणपूरची वसाहत

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटी या संस्थेने नाशिकमध्ये आपले काम सुरू केले. नाशिक हे गोदावरीकाठचे थोर तीर्थक्षेत्र. येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्याला घर, नातेवाईक, जात आणि बहुधा उपजीविकाही गमवावी लागत असे. विहीर बंद, पंगत बंद आणि कामही बंद अशा अवस्थेतील माणसांसाठी १८५०च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराच्या पश्चिमेस वसाहत उभी केली. प्रार्थनामंदिर, शाळा, अनाथालय, कर्मशाळा आणि राहती घरे असे तिचे स्वरूप होते. तेथे धर्मशिक्षणाबरोबर हाताला कामही शिकवले जाई.

याच वसाहतीशी हिंदी महासागरापलीकडचे एक दुःख येऊन जोडले गेले. पूर्व आफ्रिकेतील गावांवर धाडी घालून माणसे पकडायची आणि ती झांझिबारच्या बाजारात किंवा अरबस्तानाच्या किनाऱ्यावर नेऊन विकायची, असा व्यापार त्या काळी चालत असे. ब्रिटिश आरमाराची जहाजे समुद्रात या व्यापाऱ्यांची गलबते अडवीत आणि बंदिवानांना मुक्त करीत. मुक्त झालेल्यांपैकी अनेकांना मुंबई बंदरात उतरवले जाई. परंतु मुक्ती मिळाली तरी जायचे कोठे, हा प्रश्न उरतच असे. गाव जळालेले, आईबाप मारले गेलेले किंवा विकले गेलेले, आणि परतीची वाट समुद्राने अडवलेली. अशा मुलांपैकी काहींना शरणपूरला पाठवण्यात आले. तेथे त्यांच्यासाठी आफ्रिकन आश्रम चालवला जात होता.

तुमच्या लक्षात येईल की, शरणपूरमध्ये दोन प्रकारची निर्वासित माणसे एकत्र आली होती. स्वतःच्याच गावात परकी झालेली मराठी माणसे आणि हजारो मैलांवरून येऊन पडलेली आफ्रिकन मुले. त्यांना सांभाळणारे मिशनरीही स्वदेश सोडूनच आलेले होते. शरणपूरच्या जीवनाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

३. बालपण, नाव आणि शिक्षण

जेकब हा याओ जमातीचा. न्यासा सरोवराच्या, म्हणजे आजच्या मलावी सरोवराच्या, परिसरात या जमातीची वस्ती आहे. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. पुढे ब्रिटिश जहाजाने त्याची सुटका केली आणि तो शरणपूरच्या आश्रमात आला. तेथे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला जेकब वेनराइट हे नाव मिळाले. वेनराइट या इंग्रजी आडनावाचा मूळ अर्थ गाड्या बनवणारा असा आहे. आपल्याकडील सुतार या आडनावासारखेच ते व्यवसायावरून पडलेले आहे. मात्र या मुलाच्या पूर्वजांचा त्या व्यवसायाशी काहीही संबंध नव्हता. आश्रमातील मुलांना अशीच इंग्रजी नावे मिळत. नव्या नावाने त्यांना नवे समाजजीवन दिले आणि त्याच वेळी जुन्या घराची खूण पुसून टाकली. ही दोन्ही सत्ये एकत्रच स्वीकारावी लागतात.

आश्रमात मुलांना वाचन, लेखन, बायबल आणि सुतारकाम-लोहारकामासारखे व्यवसाय शिकवले जात. जेकबने इंग्रजी लेखनात चांगली गती मिळवली. या साध्या कौशल्याचे महत्त्व तेव्हा कोणाच्याही लक्षात आले नसेल. पुढे मात्र त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती त्याला लिहिता येत होते म्हणूनच. आजन्म ज्यांना कोणी नावाने ओळखले नसते, अशा माणसांच्या एका मोठ्या कार्याची नोंद राहिली, तीही त्यामुळेच.

४. लिव्हिंग्स्टन आणि नाशिकचे तरुण

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटलंडचा डॉक्टर, मिशनरी आणि संशोधक. आफ्रिकेच्या अंतर्भागात त्याने केलेल्या प्रवासांमुळे आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उठवलेल्या आवाजामुळे त्याची कीर्ती जगभर झाली होती. १८६५ मध्ये तो मुंबईस आला. सर बार्टल फ्रिअर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. नव्या प्रवासासाठी सोबती शोधत लिव्हिंग्स्टन शरणपूरलाही येऊन गेला. आश्रमातील नऊ तरुण त्याच्याबरोबर जाण्यास तयार झाले आणि १८६६च्या आरंभी ते मुंबईहून झांझिबारला रवाना झाले. पुढील प्रवास अत्यंत खडतर होता. कोणी आजाराने दगावला, कोणी वाटेत साथ सोडली. शेवटपर्यंत टिकले ते फार थोडे. एडवर्ड गार्डनर हा त्यांपैकी एक होता.

जेकब या पहिल्या तुकडीत नव्हता. लिव्हिंग्स्टनचा काही काळ थांगपत्ता लागेनासा झाला, तेव्हा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७२ मध्ये त्याच्या शोधासाठी व मदतीसाठी एक पथक पाठवले. त्यात नाशिकला शिकलेले सहा तरुण होते. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार आणि रटन आडनावाचे दोघे. परंतु त्याआधीच हेन्री स्टॅन्ली या पत्रकाराने लिव्हिंग्स्टनला शोधून काढले होते. त्यामुळे पथक बरखास्त झाले. स्टॅन्लीने या तरुणांसह पन्नासहून अधिक माणसांची तुकडी लिव्हिंग्स्टनकडे रवाना केली आणि ऑगस्ट १८७२ मध्ये ती उन्यान्येंबे येथे त्याला जाऊन मिळाली.

लिव्हिंग्स्टनच्या सेवेत यापूर्वीपासून असलेले अब्दुल्ला सूसी आणि जेम्स चुमा हे या तांड्याचे अनुभवी म्होरके होते. जेकब नवखा होता. त्याचे काम साधेच: चालायचे, सामान वाहायचे, मुक्काम उभारायचा, सांगितलेली कामे करायची. चरित्रनायक म्हणून आपण त्याच्याकडे पाहत असलो, तरी या तांड्यात तो अनेकांपैकी एक होता, हे विसरून चालणार नाही.

५. चितांबोच्या गावातील पहाट

पुढील काही महिने तांडा बांगवेउलू सरोवराभोवतीच्या दलदलीतून चालत राहिला. संततधार पाऊस, कमरेपर्यंत पाणी, जळवा आणि ताप. लिव्हिंग्स्टन रक्तस्रावाने खंगत गेला. शेवटी त्याला चालता येईना, तेव्हा माणसांनी डोलीत घालून त्याला चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी नेले. हे ठिकाण आजच्या झांबिया देशात येते. मे १८७३ च्या अगदी आरंभी, पहाटेच्या अंधारात, तो बिछान्याजवळ गुडघे टेकून प्रार्थनेच्या स्थितीत मृत झालेला आढळला.

आता या माणसांची परिस्थिती तुम्ही स्वतः डोळ्यांपुढे आणून पाहा. मालक मरण पावला आहे. समुद्रकिनारा हजार मैलांहून दूर आहे. आज्ञा देणारा कोणी उरलेला नाही आणि जाब विचारणाराही कोणी नाही. मृतदेहाविषयी त्या प्रदेशात मोठी भीती होती. प्रेत घेऊन कोणाच्या गावातून जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण. देह तेथेच पुरून घरी निघून जाणे हा सर्वांत सोपा मार्ग होता, आणि त्यासाठी त्यांना कोणी दोषही दिला नसता. त्या माणसांनी एकत्र बसून विचार केला आणि देह किनाऱ्यापर्यंत नेऊन त्याच्या देशबांधवांच्या स्वाधीन करायचा असे ठरवले.

येथे जेकबच्या लेखणीचे काम सुरू झाले. लिव्हिंग्स्टनच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडण्यात आल्या आणि त्यांतील वस्तूंची यादी जेकबने लिहून काढली. कोणतीही वस्तू गहाळ झाल्याचा आरोप पुढे कोणावर येऊ नये, हा त्यामागील हेतू. ज्यांच्याकडे जग अडाणी हमाल म्हणून पाहत होते, त्यांनी हा व्यवहार किती जबाबदारीने केला, हे या एका यादीवरून कळते.

चितांबोपासून मृत्यूची गोष्ट प्रथम लपवण्यात आली होती. ती कळल्यावर तो संतापेल अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो समंजस निघाला. त्याने आपल्या लोकांसह येऊन रीतीप्रमाणे शोक केला. परक्या मुलखातील माणसांविषयी आपण बाळगलेली भीती प्रत्यक्ष भेटीत अशी अनेकदा गळून पडते.

देह टिकवण्यासाठी त्यातील हृदय व आतील अवयव काढून पत्र्याच्या डब्यात ठेवून एका मोठ्या झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली. शरणपूरच्या प्रार्थनामंदिरात शिकलेले शब्द त्याने मध्य आफ्रिकेतील त्या झाडाखाली उच्चारले. नंतर झाडाच्या बुंध्यावर त्याने लिव्हिंग्स्टनचे नाव आणि दिनांक कोरला. त्याखाली तांड्यातील काही सोबत्यांची नावेही कोरली. मोठ्या माणसाच्या नावाशेजारी सोबत्यांची नावे लिहावीत असे त्याला वाटले, हे लक्षणीय आहे. पुढे ते झाड तोडण्यात आले आणि कोरीव अक्षरांचा भाग लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यात आला.

६. नऊ महिन्यांची वाटचाल

देहाला मीठ लावून तो सुमारे दोन आठवडे उन्हात सुकवण्यात आला. मग तो कापडात गुंडाळून, झाडाच्या सालीच्या पोकळ नळीत घालून, वरून शिडाचे कापड शिवून आणि डांबर लावून बंद करण्यात आला. ही गुंडाळी एका दांड्याला बांधून दोन माणसे खांद्यावरून वाहत. असा तो प्रवास सुरू झाला.

वाटेत आजारपण आले, नद्या आल्या, उपासमार आली आणि मृत्यूही आले. एका गावाजवळ तंटा होऊन लढाई जुंपली व रक्त सांडले. ही माणसे म्हणजे निर्दोष देवदूत होती असे मानण्याचे कारण नाही. ती थकलेली, भुकेली, शस्त्रधारी माणसे होती, आणि त्यांच्या जाण्याची झळ वाटेवरच्या गावांनाही लागली. चरित्र वाचताना अशा गोष्टी झाकून ठेवू नयेत.

उन्यान्येंबे येथे कॅमेरॉन नावाचा ब्रिटिश अधिकारी मुक्कामास असल्याचे कळले, तेव्हा जेकबने लिहिलेले पत्र घेऊन चुमा पुढे गेला. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची वार्ता बाहेरच्या जगाला कळली ती या पत्रातून. कॅमेरॉनने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. सल्ला देणारा गोरा अधिकारी होता आणि ऐकणारे आफ्रिकन नोकर होते, तरीही त्यांनी तो नम्रपणे पण ठामपणे नाकारला. पुढे एका ठिकाणी लोकांनी प्रेत नेण्यास विरोध केला, तेव्हा त्यांनी युक्ती केली. प्रेतासारखी दिसणारी खोटी गुंडाळी तयार करून ती परत पुरायला पाठवल्याचे दाखवले, आणि खरा देह कापडाच्या साध्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये, सुमारे नऊ महिन्यांनी, तांडा बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचला.

या सर्व काळात जेकब दैनंदिनी लिहीत होता. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच प्रसिद्ध झाले; मूळ इंग्रजी हस्तलिखित वाचकांपुढे यायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

स्वयं-अध्ययन : तांड्याने घेतलेल्या निर्णयामागे स्वामिनिष्ठा, धर्मभावना, स्वाभिमान आणि आपल्यावर आळ येऊ नये ही काळजी यांपैकी कोणती प्रेरणा तुम्हांला प्रबळ वाटते? कारणे द्या.

७. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी आणि त्यानंतर

किनाऱ्यावर देह ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेला. वाहणाऱ्यांना वेतन देऊन मोकळे करण्यात आले. इंग्लंडला जाण्याची संधी तेव्हा मिळाली ती जेकबला. त्याच्या प्रवासाचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने केला. १५ एप्रिल १८७४ रोजी मालवा हे जहाज साउथॅम्प्टनला लागले आणि १८ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत अंत्यसंस्कार झाला. शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत स्टॅन्ली आणि लिव्हिंग्स्टनचे जुने स्नेही होते. त्यांच्यामध्ये एकच आफ्रिकन माणूस होता, तो म्हणजे शरणपूरचा जेकब वेनराइट.

हा क्षण गौरवाचा होता, परंतु त्यात एक सलही होता. ज्यांनी आठ वर्षे लिव्हिंग्स्टनची साथ केली, ते सूसी आणि चुमा त्या दिवशी तेथे नव्हते. लिव्हिंग्स्टनच्या एका मित्राने स्वखर्चाने त्यांना नंतर इंग्लंडला बोलावले, आणि अखेरच्या दैनंदिन्यांचे संपादन होत असताना त्यांच्या आठवणींचा मोठा उपयोग झाला. जेकबला मिळालेला मान त्याच्या एकट्याचा नव्हता. तो साठेक माणसांचा मान होता. लिहिता येणारा माणूस पुढे आला आणि न लिहिणारे मागे राहिले. इतिहासात असे वारंवार घडते.

इंग्लंडमध्ये सोसायटीने जेकबला सभांमधून लोकांपुढे उभे केले. गुलामगिरीतून सुटलेला, ख्रिस्ती झालेला, कृतज्ञ आफ्रिकन तरुण श्रोत्यांना पाहायचा होता. सेवा करणाऱ्याचे असे प्रदर्शन होते, तेव्हा त्याच्या मनाचा विचार कोण करतो, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारावा.

१८७४ च्या अखेरीस जेकब पूर्व आफ्रिकेकडे निघाला, तो शरणपूरचे संस्थापक प्राइस यांच्यासमवेत. मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी नवी वसाहत उभारण्याचे काम प्राइस यांच्याकडे सोपवले होते. तिचे नाव फ्रिअरटाउन. मुंबईच्या माजी गव्हर्नरांच्या नावावरून ते ठेवले गेले. नाशिकचा अनुभव आता आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उपयोगी पडणार होता. नाशिक-मुंबईत वाढलेले अनेक आफ्रिकन तेथे जाऊन स्थायिक झाले. त्यांना मुंबईचे आफ्रिकन असेच म्हटले जाई. कोणी शिक्षक झाले, कोणी लोहार, कोणी धर्मोपदेशक. त्यांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

पण हे घरी परतणे सोपे नव्हते. स्थानिक लोकांच्या दृष्टीने ही माणसे इंग्रजी बोलणारी, निराळा पोशाख करणारी परकी मंडळी होती. गोऱ्या मिशनऱ्यांच्या दृष्टीने ती सहकारी असली तरी बरोबरीची नव्हती. वेतन, मान आणि अधिकार यांवरून खटके उडत. ज्या भूमीत जन्म झाला, तीच आता त्यांना परदेशासारखी झाली होती.

जेकबने फ्रिअरटाउनमध्ये शिक्षकाचे काम केले, पण तो तेथे फार काळ रमला नाही. पुढे तो खंडाच्या अंतर्भागात गेला. युगांडात त्याने काही काळ काढला आणि अखेरीस आजच्या टांझानियातील उरांबो येथे, दुसऱ्या एका मिशन संस्थेच्या आश्रयाने राहिला. १८९२ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीसोबत चाललेल्या या माणसाच्या स्वतःच्या अंत्ययात्रेची जगाने दखल घेतली नाही.

८. समारोप

विद्यार्थी मित्रहो, जेकब वेनराइटच्या आयुष्यात परदेश कोणता आणि स्वदेश कोणता, हे सांगणे कठीण आहे. न्यासाकाठचे गाव बालपणीच सुटले. नाशिकने आश्रय, अक्षर आणि धर्म दिला, पण ते जन्मगाव नव्हे. इंग्लंडने मान दिला, पण घर दिले नाही. आफ्रिकेत परतला तोवर तो बदललेला होता. तरीही जेथे गेला तेथे हातून होईल ते काम त्याने केले. यादी केली, पत्र लिहिले, प्रार्थना वाचली, ओझे वाहिले, मुलांना शिकवले. सेवा हा शब्द आपण मोठ्या अर्थाने वापरतो. तिचे रोजचे रूप मात्र असेच साधे असते.

नाशिकजवळच्याच जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे तुम्ही वाचली असतील किंवा पुढे वाचाल. धर्मांतराने जुने घर सुटणे आणि नव्या समाजात पुन्हा माणसे जोडणे, हा अनुभव त्यांनी मराठीत अजरामर केला. जेकबकडे आपली संपूर्ण कहाणी सांगण्याइतका अवकाश नव्हता. त्याच्याकडे होती ती एक दैनंदिनी, एक यादी, एक पत्र आणि झाडावर कोरलेली काही अक्षरे. त्या अक्षरांत त्याने सोबत्यांची नावे घातली, स्वतःचे मात्र नाही. चरित्राचा अभ्यासक म्हणून तुम्हांला यापुढे कोणत्याही थोर व्यक्तीचे चरित्र हाती आले, तर तिच्या अवतीभवतीच्या माणसांची नावे शोधण्याची सवय लावून घ्या. शरणपूर रस्त्यावरून जाताना तिची आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा.

स्वाध्याय

१. शरणपूर वसाहतीची गरज का निर्माण झाली, ते सविस्तर लिहा.
२. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर जेकबच्या साक्षरतेचा उपयोग कोणकोणत्या प्रसंगी झाला?
३. मुंबईच्या आफ्रिकनांना स्वतःच्या भूमीत परकेपणा का जाणवला, याची कारणमीमांसा करा.
४. उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या रस्त्याच्या, पेठेच्या किंवा वस्तीच्या नावामागील इतिहास वृद्ध व्यक्तींकडून जाणून घ्या आणि तो सुमारे ३०० शब्दांत लिहा.